खंडव्याचा पोचा

आमच्या न्हाणीघराच्या कोपऱ्यात एक तांब्याचं घंगाळ असायचं. काठाखाली चार बोटांवर त्याला एक पोचा आहे. अंगठा टेकवला की बरोबर त्यात बसतो. ती बाजू कायम भिंतीकडे असे, म्हणून आल्यागेल्याच्या नजरेस पडली नाही. पण दर दिवाळीला चिंच-मिठानं घंगाळ घासायला काढलं की सासूबाईंचा अंगठा एकदा तरी तिथे थांबायचा. "हा खंडव्याचा," त्या म्हणायच्या.

१९६३ साली त्या नाशिकहून लग्न होऊन इंदूरला आल्या. तेव्हा मनमाड, भुसावळ, बुऱ्हाणपूर करत ब्रॉडगेजच्या गाडीनं खंडव्याला उतरायचं आणि तिथून मीटरगेजची छोटी गाडी धरायची. मोठ्या गाडीच्या रुळांमधलं अंतर १६७६ मिलिमीटर, छोटीच्या १००० मिलिमीटर. एकीचा डबा दुसरीच्या रुळांवर चढणं शक्यच नाही. म्हणून प्रत्येक पेटी, प्रत्येक पोतं, प्रत्येक माणूस खंडव्याला खाली. सासूबाईंच्या माहेरून आलेली भांडी गोणपाटात शिवून ब्रेकमध्ये, म्हणजे गाडीच्या सामानाच्या डब्यात, टाकली होती. ती ब्रेकमधून प्लॅटफॉर्मवर, प्लॅटफॉर्मवरून हातगाडीवर, हातगाडीवरून दुसऱ्या ब्रेकमध्ये गेली. तेवढ्या वेळात घंगाळ कुणाच्या तरी हातून सुटलं. "नाशिकपासून खंडव्यापर्यंत काही झालं नाही, खंडव्यापासून इंदूरपर्यंत घाट चढूनसुद्धा काही झालं नाही. झालं ते मधल्या पन्नास पावलांत," असं त्या सांगतात. हे वाक्य मी लग्न झाल्यापासून ऐकत आले आहे. त्याचा अर्थ मला कळला तो २०२५च्या फेब्रुवारीत, आम्ही इंदूरच्या रामबागेतलं बिऱ्हाड पुण्याला हलवायला काढलं तेव्हा.

का हलवलं याची कारणं घरोघरी असतात तीच. मुलगा-सून पुण्यात. सासूबाईंचे गुडघे गेलेले, जुन्या घराचा जिना उभा. ह्यांची बायपास झाल्यापासून रात्री-बेरात्री कुणाला हाक मारायची हा प्रश्न. निर्णय वर्षभर रेंगाळला आणि एका रविवारी झाला. मग सुरू झालं "सामान कसं न्यायचं?" आणि त्यावर घरात चार माणसांची चार मतं.

ह्यांच्या नोकरीत आम्ही उज्जैन, खरगोन, जबलपूर अशी बिऱ्हाडं केली होती. पण ते बँकेचं काम. इंडियन बँक्स असोसिएशनच्या यादीतला ट्रान्सपोर्टर बघायचा, तीन कोटेशनं लावायची, बिल सादर करायचं. सामानही विंचवाच्या पाठीवरचं, दोन खोल्यांचं. खरं घर रामबागेत सासूबाईंपाशी होतं. आता ते घरच उचलायचं होतं, आणि पैसे आमचे.

मुलाचं म्हणणं असं की काही आणू नका. "आई, सगळं अटाल्यात द्या, इकडे नवीन घेऊ. भाड्याच्या पैशात अर्धं घर येईल." (अटाला हा आमचा इंदुरी शब्द. पुण्यात वाढला असता तर भंगार म्हणाला असता. तेवढं इंदूर त्याच्या तोंडात अजून आहे याचं मला बरं वाटलं.) तो चुकीचं बोलत नव्हता. वस्तूची आजची किंमत आणि ट्रकमध्ये ती अडवणार ती जागा, दोन्ही समोरासमोर ठेवून पाहायला हवं होतं. घरसामान वजनाला हलकं आणि आकाराला दांडगं. गाडी वजनानं भरायच्या आधी जागेनं भरते, म्हणून हे लोक किलोत नाही, घनफुटात हिशेब करतात. आमची लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळ्यांची दोन कपाटं दहा वर्षांपूर्वीची. अशी कपाटं एकदा खोलली की स्क्रूची भोकं सैल होतात, परत जोडली तरी दारं लोंबतात. ती दिली. डेझर्ट कूलर दिला, माळव्याच्या उन्हाळ्यापुरताच त्याचा उपयोग. सागवानी पलंग, शिसवी चौरंग, सासूबाईंचं शिवणाचं मशीन, पाटा-वरवंटा यांच्याबद्दल मात्र मी ऐकून घेतलं नाही. पाट्याला घनफुटात कितीशी जागा लागते?

धाकट्या भाऊजींचं मत लोहामंडीतल्या ओळखीच्या ट्रकवाल्याकडे. अख्खा ट्रक आपला, वर ताडपत्री, बांधाबांध आपण करायची, चढवायला चार हमाल. सगळ्यांत स्वस्त आणि सरळ. वन्सं म्हणाल्या, पॅकर्सवाल्यांना द्या, पण आधी माझं ऐका.

वन्संचं सामान सहा वर्षांपूर्वी इंदूरहून नागपूरला गेलं होतं. फोनवर सगळ्यांत कमी भाव सांगितला त्या कंपनीला दिलं. घर बघायला कुणी आलं नव्हतं, सामानाची यादी वन्संनीच फोनवर वाचून दाखवली. दोन दिवसांत पोचेल म्हणाले, पोचलं नवव्या दिवशी. स्वस्त का होतं ते मागाहून कळलं. ते पार्ट लोड होतं. छोट्या गाडीनं घरून उचललं, देवास नाक्याच्या गोदामात उतरवलं, त्या बाजूला जाणारं आणखी दोन घरांचं सामान जमेपर्यंत तिथेच ठेवलं, मग मोठ्या गाडीत भरलं, नागपुरात पुन्हा गोदामात उतरवलं आणि तिथून छोट्या गाडीनं घरी. दारात गाडी उभी करून, यादीपेक्षा सामान जास्त निघालं म्हणून आणखी पैसे द्या तेव्हाच उतरवू, असं म्हणाले. दिले त्यांनी. सामान दुसऱ्याच्या गाडीत असताना आपण काय भांडणार? ड्रेसिंग टेबलचा आरसा फुटला होता आणि मिक्सरचं खोकंच आलं नाही. तक्रार केली तर बिल्टीवर, म्हणजे मालाच्या पावतीवर, "ओनर्स रिस्क" (जोखीम मालकाची) छापलेलं दाखवलं.

मी वहीत उतरवून काढलं. वन्संची प्रत्येक वस्तू किती वेळा उचलली आणि किती वेळा ठेवली? चढवली घरी, उतरवली गोदामात, चढवली, उतरवली, चढवली, उतरवली. सहा वेळा. भाऊजींच्या ट्रकात फक्त दोनदा. आणि मग खंडवा आठवलं.

त्या खंडवा-इंदूर रेल्वेची गोष्ट इंदुरात सगळ्यांना थोडीफार माहीत असते. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी त्या लाइनीसाठी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले. मुंबई-कलकत्ता मोठी लाइन १८७०मध्ये खंडव्यावरून पूर्ण झाली होती, तिला इंदूर जोडायचं होतं. घाटाचा मुलूख, खर्च वाचावा म्हणून मीटरगेज टाकली. बांधताना वाचले ते पैसे, पण पुढे शंभरावर वर्षं खंडव्याच्या प्लॅटफॉर्मवर माळव्याचा कापूस, गहू, अफू आणि नव्या नवरींची भांडी या गाडीतून त्या गाडीत हातांनी वाहिली गेली. पार्ट लोडचं गणित मला तेच वाटतं. भाड्यात वाचतं आणि गोदामात जातं. सामान रस्त्यात फारसं मोडत नाही. चांगलं बांधलेलं खोकं सहाशे किलोमीटर हादरे खाऊन निमूट बसून राहतं. ते मोडतं हात बदलताना. ज्यानं बांधलं त्याला आत काय आहे ते ठाऊक असतं, पुढच्या हाताला नसतं.

एवढं कळल्यावर माझे प्रश्न बदलले. "किती घेणार?" मागे गेलं. घरून उचललेली गाडी तीच पुण्यात येणार का? मध्ये कुठे माल उतरणार का? बांधणारी माणसं उतरवायला येणार का, की पुण्यात दुसरी? लोहामंडीचा ट्रक पहिल्या दोन प्रश्नांत उत्तम पास होता, तिसऱ्यात नापास. ड्रायव्हर-क्लीनर सोडले तर पुण्याला कुणी ओळखीचं नाही, तिथे नाक्यावरून माणसं आणायची.

तीन पॅकर्सवाल्यांना घरी यायला सांगितलं. एक आलाच नाही, फोटो पाठवा म्हणाला. दुसरा दारात उभं राहून "टू बीएचके, समजलं" म्हणून आकडा सांगून गेला. तिसऱ्याकडून विशी-बाविशीचा मुलगा आला, टेप घेऊन. पलंगाखाली वाकला, माळ्यावर चढला, गच्चीवर काही आहे का विचारलं, आणि स्वयंपाकघरातलं प्रत्येक कपाट उघडून पाहिल्यावर म्हणाला, "आंटी, रसोई में ही पचीस डिब्बे लगेंगे." बाकी दोघांपैकी कुणी स्वयंपाकघरात पाऊलही टाकलं नव्हतं. आणि घराचं खरं आकारमान स्वयंपाकघरातच असतं. त्याचा आकडा सगळ्यांत कमी आकड्याच्या जवळजवळ दुप्पट होता. सतरा फुटी बंद गाडी फक्त आमची, चार माणसं बांधायला, त्यातली दोन गाडीबरोबर पुण्यापर्यंत. मी त्यालाच दिलं. भाऊजी दोन दिवस गप्प होते.

कागदाचं थोडं सांगते, कारण बायका हे काम बरेचदा पुरुषांवर सोडतात आणि पुरुष सही करून मोकळे होतात. बिल्टीवर मी हातानं लिहून घेतलं, "गाडी बदलणार नाही, मध्ये माल उतरणार नाही." विम्याचे पैसे बिलात नुसते लावून भागत नाही. विमा कंपनीचं प्रमाणपत्र मागायचं, त्यात प्रत्येक वस्तूची किंमत लिहिलेली यादी हवी. २००७च्या कॅरेज बाय रोड कायद्याखाली, किंमत जाहीर केली नसेल तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीवर थांबते, आणि नुकसानीची लेखी नोटीस बुकिंगपासून १८० दिवसांत द्यावी लागते. वन्संना हे कुणी सांगितलं नव्हतं, त्यांची नोटीस गेलीच नाही. वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिल (मालवाहतुकीचा जीएसटीचा कागद) लागत नाही, म्हणजे त्या नावाखाली कुणी पैसे मागितले तर द्यायचे नाहीत. यादी आणि ओळखपत्राची प्रत मात्र ड्रायव्हरजवळ असावी.

गॅसचं सिलिंडर आणि रेग्युलेटर एजन्सीत परत करून व्हाउचर घेतलं, शेगडी बरोबर. स्कूटर इंदूर-पुणे गाडीनं पार्सल केली. पेट्रोल पूर्ण काढलं, आर.सी.ची प्रत लावली, पार्सल ऑफिसच्या बाहेर बसणाऱ्यानं गोणपाट शिवून दिलं. ती गाडी रतलाम, बडोदा, सुरत, कल्याण असा मोठा वळसा घालून पुण्याला जाते. इंदूर-मनमाड ३०९ किलोमीटरची नवी लाइन केंद्र सरकारनं २ सप्टेंबर २०२४ला मंजूर केली आहे, सगळी ब्रॉडगेज. सासूबाईंना वाचून दाखवलं तर म्हणाल्या, "बासष्ट वर्षं उशीर झाला गं."

स्वयंपाकघर मी स्वतः बांधलं. कंपनीच्या माणसांवर अविश्वास म्हणून नाही. कुठली बरणी कशानं भरली आहे हे माझ्या हातांना माहीत होतं, इतकंच. सियागंजातून किराण्याची रिकामी खोकी आणली, चहाची आणि साबणाची, मध्यम आकाराची. मोठं खोकं घ्यायचा मोह आवरावा लागतो. मोठं खोकं भरलं की जड होतं, जड झालं की माणूस ते ठेवत नाही, सोडतो. काचेच्या ताटल्या आडव्या रचल्या की खालची तडकते. उभ्या ठेवल्या, पुस्तकांसारख्या, तर एकमेकींचा भार येत नाही. कपबश्यांच्या मध्ये सासूबाईंच्या जुन्या नऊवारी लुगड्यांच्या घड्या घातल्या. खोक्यात बोटभर पोकळी ठेवली नाही, कारण हलायला जागा मिळाली की वस्तू हलते आणि हलली की आपटते. चिनी मातीच्या दोन बरण्या होत्या, एक लिंबाच्या लोणच्याची, एक मिठातल्या मिरच्यांची. त्या रिकाम्या करून गोधडीत गुंडाळल्या. लोणचं स्टीलच्या डब्यात भरून माझ्या मांडीवर येणार होतं. देवही मांडीवरच. कुलदेवतेचा टाक, बाळकृष्ण, शाळिग्राम, सगळे सोवळ्याच्या धाबळीत बांधून सासूबाईंच्या हातात. देव ट्रकात जात नाहीत यावर घरात चर्चासुद्धा झाली नाही.

दिवसा मोठी गाडी गल्लीत येणं कठीण, म्हणून रात्री दहानंतर भरायला घेतलं. मी जिन्यात उभी राहून बघत होते. आधी गोदरेजचं कपाट, फ्रीज, पलंगाचे भाग, सगळं आत केबिनच्या अंगाला. मागच्या चाकांच्या पुढे-वर जड सामान, शेपटीकडे गाद्या आणि कपड्यांच्या गाठोड्या. बांधणाऱ्या माणसांतल्या मोठ्याला विचारलं तर म्हणाला, "पीछे झटका ज्यादा लगता है अम्मा, वहाँ नरम चीज बैठाते हैं." घंगाळ त्याच्या हातात आलं तेव्हा त्यानं ते फिरवलं, पोचा पाहिला आणि थांबला. खिशातून कागद काढून यादीत लिहिलं, "तांबे का बर्तन, पहले से दबा हुआ." आणि मला सही करायला सांगितलं, म्हणजे उद्या कुणी त्याच्यावर आळ घ्यायला नको. बासष्ट वर्षांनी खंडव्याची नोंद कागदावर झाली.

सासूबाईंसाठी मुलानं विमानाचं तिकीट काढायचं ठरवलं होतं. सव्वा-दीड तासात पुणे. त्या म्हणाल्या, सामानाच्या रस्त्यानंच जाईन. मोटारीत मागची सीट त्यांच्यासाठी मोकळी केली, पायाखाली उशा. मानपूरच्या पुढे गणपती घाटाचा उतार आला तसं ह्यांनी बोलणं थांबवलं, तिथे आजवर कितीतरी ट्रकांचे ब्रेक गेले आहेत. खलघाटला गाडी पुलाच्या अलीकडे खाली घेतली. नर्मदेच्या पाण्यात सासूबाईंनी खणा-नारळाची ओटी सोडली आणि महेश्वर कुठल्या दिशेला ते विचारलं. इथूनच वरच्या अंगाला अहिल्याबाईंची राजधानी. १८१८च्या मंदसौरच्या तहानंतर होळकरांचा कारभार इंदूरला आला, आणि त्या कारभारामागे किती घरं आपापली घंगाळं, पाटे, देव घेऊन या नदीच्या उत्तरेला गेली. कुठल्या बैलगाडीत काय मोडलं ते कुणी लिहून ठेवलं नाही. आम्ही उलट्या दिशेला निघालो होतो. सेंधव्याच्या घाटात बिजासन मातेला हात जोडले, धुळ्याला नात्यातल्या घरी रात्र काढली, मालेगाव, मनमाड, नगर करत दुसऱ्या दिवशी दुपारी पुणे.

ट्रक आमच्या आधी पोचला होता आणि सोसायटीच्या फाटकाबाहेर उभा होता. फाटकावर लोखंडी कमान, गाडीची उंची त्यात बसेना. वॉचमन म्हणाला, मोठी गाडी आत येतच नाही, सगळे टेम्पो करतात. मी सहाशे किलोमीटरचा प्रत्येक टप्पा विचारून घेतला होता. शेवटचे दोनशे मीटर विचारायचं राहून गेलं. मुलगा त्या फाटकातून रोज स्कूटरवरून जातो, त्याचंही कधी वर लक्ष गेलं नव्हतं.

छोटा हत्ती, म्हणजे लहान टेम्पो, बोलावला. रस्त्याच्या कडेला, रहदारीत, ट्रकातून टेम्पोत, टेम्पोतून लिफ्टपाशी. इंदूरची दोन माणसं अपुरी पडायला लागली म्हणून टेम्पोवाल्यानं आणखी दोघांना आणलं. लिफ्ट फक्त पाच वाजेपर्यंत वापरायची परवानगी, त्यामुळे घाई. सासूबाई फाटकाजवळ प्लॅस्टिकच्या खुर्चीत, मांडीवर देवांची धाबळी घेऊन बसल्या होत्या. चौथ्या खेपेला शिसवी चौरंग टेम्पोच्या फाळक्यावरून निसटला. आवाज फार झाला नाही. एक पाय मुळातून सुटला होता.

नव्या माणसानं तो घाईघाईनं परत लावून उभा करायचा प्रयत्न केला. इंदूरच्या मोठ्यानं त्याच्या हातून चौरंग काढून घेतला, पाय वेगळा केला, आपल्या गमछात बांधला आणि सासूबाईंच्या खुर्चीशी आणून ठेवला. मला रडू येत होतं. सासूबाईंनी पायाच्या सुटलेल्या टोकावरून हात फिरवला.

"म्हणजे खंडवा इथं होतं तर," त्या म्हणाल्या.

विम्याचा फॉर्म मी त्याच रात्री भरला, फोटोंसह. चौरंग सुताराला दाखवला तर म्हणाला, शिसव आहे, खुंटी मारून बसवून देतो, पाचशे वर्षं हलायचं नाही. बाकीचं सगळं आलं, पाटा-वरवंटा, बरण्या, शिवणाचं मशीन. पहिल्या रात्री फ्रीज तसाच उभा ठेवला, सकाळी लावला.

घंगाळ कुठे ठेवायचं हा प्रश्न मात्र दोन दिवस होता. इथली न्हाणीघरं लहान. शेवटी बाल्कनीत, तुळशीशेजारी जागा केली. मी सवयीनं पोच्याची बाजू भिंतीकडे करून ठेवलं. संध्याकाळी दिवा लावायला गेले तर ते फिरवलेलं होतं, पोचा बाहेर, आणि आत पाणी भरून सासूबाईंनी जास्वंदीची चार फुलं सोडली होती.